विश्वामित्रीच्या माहेरी

आमच्या समाच्या घरात बैठकीच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, पेन्सिलीने ओढलेली एक रेघ आहे. तिच्या शेजारी बाबांच्या अक्षरात तारीख लिहिली आहे, २८ ऑगस्ट २०२४. पुरानंतर घर रंगवलं तेव्हा बाबांनी रंगाऱ्याला तेवढी जागा सोडून रंग द्यायला लावला. पाहुणे आले की आधी त्या रेघेकडे बघतात, मग सोफ्यावर बसतात.

बडोद्याच्या वाचकांना त्या तीन दिवसांबद्दल वेगळं सांगायला नको. बाहेरगावच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गोकुळाष्टमीच्या सुमारास पाऊस कोसळला, विश्वामित्रीने काळा घोडा पुलाजवळची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी पस्तीस फुटांच्या वर गेलं. निम्मं शहर पाण्यात होतं. नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये आल्या. काही दिवसांत वीसहून अधिक मगरी पकडून परत सोडाव्या लागल्या. मी, बायको आणि लेक गोत्रीला चौथ्या मजल्यावर सुरक्षित होतो. आई-बाबा मात्र समाच्या टेनामेंटमध्ये होते. आदल्या संध्याकाळी मी घ्यायला गेलो होतो. बाबा म्हणाले, "२०१९ला एका दिवसात वीस इंच पडला होता, तेव्हाही पाणी पायरीपर्यंतच आलं. तू जा." रात्री वीज गेली, मग फोन बंद पडले. दोन दिवस आमचा काहीही संपर्क नव्हता. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर उभा राहून मी त्या गल्लीत शिरलो तेव्हा आई वरच्या मजल्याच्या गच्चीतून हात हलवत होती. बाबा तिच्यामागे उभे होते. त्यांनी हात हलवला नाही.

त्यानंतर बाबा कमी बोलायला लागले. पुढच्या जूनमध्ये पाऊस सुरू झाला तशी त्यांना नवी सवय लागली. दर अर्ध्या तासाने मोबाइलवर नदीची पातळी बघायची. उन्हाळ्यात नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम झालं होतं, ते बघायलाही ते दोनदा पुलावर जाऊन आले. मी घर विकायचा विषय काढला की उठून आत जात. एका रविवारी ते असेच मोबाइल बघत बसले असताना माझ्या आठ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आजोबा, ही नदी येते कुठून?"

"पावागडावरून."

"म्हणजे आपण जातो त्या देवीच्या डोंगरावरून? मग आपण जाऊन बघू या ना!"

बाबांनी मोबाइल खाली ठेवला. "चला," म्हणाले. मी बुधवारची रजा टाकली.

डोंगर दिसतो तो क्षण

पावागड बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर. रविवारी, पौर्णिमेला आणि नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस चांगला. सकाळी सहाला निघालो. वाटेत सेव-उसळ खाल्ली. बडोद्याच्या सेव-उसळीचं मूळ मराठी की गुजराती हा वाद आमच्या घरी तीन पिढ्या चालू आहे. आईचा निकाल असा, की उसळ आपली आणि सेव त्यांची, रस्सा बडोद्याचा.

हालोलच्या रस्त्याला लागलं की काही वेळाने समोर डोंगर उभा राहतो. आजूबाजूला टेकड्यांची तयारी वगैरे काही नाही. सपाट शेतं आणि मधूनच सुमारे ८०० मीटर उंचीचा एकटा डोंगर. पावसाळ्यात त्याच्या माथ्यावर ढग टेकलेले असतात. दगड मात्र आपल्या ओळखीचा. ज्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्री घडला त्याच दख्खनच्या पठाराचा हा उत्तरेकडचा एक तुकडा. पायथ्याला काळा बेसॉल्ट आणि माथ्याकडे रायोलाइट नावाचा फिकट, कठीण खडक. म्हणून खाली उतार आणि वर कडे अशी त्याची ठेवण झाली आहे.

नावाची लोककथा बाबांनी गाडीतच सांगितली. विश्वामित्र ऋषींची गाय चरता चरता इथल्या दरीत पडली. दरी दुधाने भरून ती पोहून वर आली. पुन्हा असं होऊ नये म्हणून ऋषींनी दरी बुजवायची प्रार्थना केली. देवांनी डोंगर पाठवला. तो तीन हिस्से दरीत गेला आणि पाव हिस्सा वर राहिला, तो पावागड. लेकीने लगेच हिशेब केला, "म्हणजे खरा डोंगर याच्या चौपट आहे?" बाबा बऱ्याच दिवसांनी हसले.

गोल उतरणारी वाव

चांपानेरला पोचायच्या आधी रस्त्याच्या कडेलाच एक वाव आहे. आपण जिला बारव म्हणतो, ती गुजरातीत वाव. बहुतेक लोक गाडी न थांबवता पुढे जातात, तसं करू नका. नेहमीच्या वावेत सरळ पायऱ्या असतात. इथे विहिरीच्या आतल्या भिंतीला धरून जिना गोल फिरत खाली जातो. रुंदी चार फुटांच्या आसपास, कठडा नाही. सोळाव्या शतकातलं हे काम. मुलांचा हात धरूनच उभं राहा, आणि पावसात उतरू नका. आम्ही वरूनच बघितलं. पाणी बरंच वर आलं होतं आणि पायऱ्या एकामागून एक त्यात शिरत होत्या.

चांपानेर हे डोंगराच्या पायथ्याचं आजचं लहानसं गाव. काही घरं तर जुन्या तटाच्या आतच आहेत. तटाला टेकून म्हैस बांधलेली, कमानीखाली सायकल उभी. याच जागी एकेकाळी गुजरातची राजधानी होती. खीची चौहानांचा हा गड महमूद बेगड्याने वीस महिन्यांच्या वेढ्यानंतर १४८४ मध्ये घेतला आणि पायथ्याशी नवं शहर वसवलं. त्याला जेमतेम पन्नास वर्षांचं आयुष्य मिळालं. १५३५ मध्ये हुमायूनची माणसं रात्री कड्यात लोखंडी मेखा ठोकून गडावर चढली. गड पडला, पुढे राजधानी अहमदाबादला गेली आणि चांपानेरवर जंगल वाढलं. ते जंगलाखालचं शहर पुन्हा नकाशावर आणायचं मोठं काम आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाने केलं. प्राध्यापक रमणलाल नागरजी मेहता यांच्या देखरेखीखाली १९६९ ते १९७५ या काळात इथे उत्खनन झालं. २००४ मध्ये चांपानेर-पावागड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गुजरातमधलं ते पहिलंच ठिकाण.

मराठी माणसाने इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अठराव्या शतकात हा प्रदेश आधी कदमबांड्यांकडे आणि मग शिंद्यांकडे आला. १८०३ मध्ये इंग्रजांनी गड घेतला, पण सुर्जी-अंजनगावच्या तहानंतर तो शिंद्यांना परत मिळाला. १८६१ पर्यंत हा मुलूख ग्वाल्हेरचा होता. आज आपण ज्याला पंचमहाल जिल्हा म्हणतो ते नावच मुळी शिंद्यांच्या इथल्या पाच महालांवरून आलं आहे. तेव्हा आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांनी इथे पाहुण्यासारखं यायचं कारण नाही.

जामी मशिदीत आम्ही तासभर होतो. दोन उंच मिनार, आत खांबांचं जंगल आणि छतात कोरलेली कमळं. कोरीव काम बघताना हे देऊळ की मशीद असा प्रश्न पडतो, कारण कारागीर इथलेच होते. बाहेर अष्टकोनी कुंड आहे. पावसाळ्यात ते भरतं. लेक त्याच्या काठावर बसून बेडूक मोजत होती.

बाबांचं लक्ष मात्र सगळा वेळ पाण्यावर. गच्चीवरचं पाणी कुठून उतरतं, कुंडात कसं येतं, जास्तीचं कुठे जातं. या शहरात विहिरी, वावा, टाकी आणि तळी जागोजाग आहेत. डोंगरावरून येणारं पाणी टप्प्याटप्प्याने अडवायचं, साठवायचं आणि उरलेलं पुढे सोडायचं अशी सगळी रचना होती. "यांना माहीत होतं," बाबा म्हणाले. "वरून पाणी येणारच. त्याला जागा ठेवली तर ते त्रास देत नाही."

माची

पायथ्यापासून घाटरस्ता वर माचीपर्यंत जातो. गर्दीच्या दिवसांत खाजगी गाड्या खालीच थांबवतात आणि एस.टी.ने वर जावं लागतं. माची हा शब्द आपल्या मुलांना राजगडामुळे माहीत असतो, सुवेळा माची, संजीवनी माची. गडाच्या पोटाशी असलेला सपाट टप्पा. इथेही अर्थ तोच.

माचीवर उतरलं की सगळे रोपवेच्या रांगेकडे धावतात. तुम्ही आधी सात कमान आणि खापरा झवेरीच्या महालाकडे चालत जा. महालाचे आता अवशेषच उरले आहेत, पण जागा अशी की बांधणाऱ्याला दाद द्यावी. कड्याच्या अगदी टोकावर भिंती उभ्या आहेत आणि खाली थेट दरी. या दरीला विश्वामित्रीची दरी म्हणतात.

आम्ही पोचलो तेव्हा ढग खाली उतरला होता, काहीच दिसत नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज. दहा मिनिटं थांबलो. मग वाऱ्याने ढग बाजूला झाला आणि समोरच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा दिसायला लागल्या. एक, दोन, लेकीने सात मोजल्या. त्या खाली हिरव्या झाडीत शिरत होत्या आणि झाडीच्या पलीकडे, पश्चिमेला, सपाट मुलूख होता. धुक्यात बुडालेला. तिकडे कुठेतरी बडोदं.

"यातली नदी कुठली?" लेकीने विचारलं.

"सगळ्या मिळून," बाबा म्हणाले.

ते बराच वेळ तिथे उभे राहिले. मी लेकीला घेऊन जरा मागे आलो. कडा निसरडा होता आणि कठडा सगळीकडे नाही. बाबांनी मागे न बघता मला हाक मारली.

"तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मी नदीच्या भरवशावर थांबलो नव्हतो. पाणी घरात येणार हे मला दुपारीच कळलं होतं."

"मग?"

"ट्रंक."

ती ट्रंक आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. माझे पणजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले ते संस्थानच्या पाणीखात्यात. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याला याच विश्वामित्रीवर मोठा बांध घालून सरोवर बांधलं आणि शहराला नळाने पाणी दिलं. त्या सरोवराच्या देखभालीवर पणजोबांची पहिली नेमणूक होती. नेमणुकीचा मोडी कागद, त्यांचा एक फोटो, आजोबांची शाळेची सर्टिफिकेटं असं सगळं त्या लोखंडी ट्रंकेत होतं. ट्रंक खालच्या खोलीत, दिवाणाखाली.

"तू आलास तेव्हा तुझ्याबरोबर निघालो असतो तर ट्रंक गाडीत मावली नसती, आणि ती न्यायचीय म्हटलं असतं तर तू हसला असतास. मला वाटलं, रात्री निवांत वर नेऊ. रात्री दिवे गेले. मी अंधारात खाली उतरलो तर कमरेएवढं पाणी. ट्रंक ओढली, ती हलेना. तुझी आई जिन्यात उभी राहून ओरडत होती. मग मी कुलूप तोडून कागद काढले. तोवर ओले झाले होते. मोडी अक्षरं धुऊन गेली. फोटोचा चेहरा गेला." बाबा थांबले. "शेजारच्यांच्या अंगणात सकाळी मगर निघाली. त्याच पाण्यात मी रात्री अर्धा तास उभा होतो. आणि तुझी आई जिन्यात."

मी काय बोलणार? वर्षभर मी त्यांना हट्टी म्हणत होतो. त्यांना पुराची भीती बसली आहे असं मी बहिणीला फोनवर सांगत होतो. मी मनात हिशेब करत होतो तो वेगळाच. त्या संध्याकाळी मी घरात पाच मिनिटंसुद्धा बसलो नव्हतो. गाडीचं इंजिन चालू ठेवून दारातूनच "चला, चला" म्हणत होतो. ट्रंकेबद्दल ते बोलले असते तर मी खरंच हसलो असतो.

"आईला माहीत आहे?"

"तिला माहीत नसायला काय झालं? तिनेच सांगितलं, एकदा त्याला सांगून टाका."

ढग परत आला. लेक कंटाळली होती. आम्ही माचीवर येऊन मक्याची कणसं खाल्ली. पंचमहालचा मका प्रसिद्ध आहे, आणि पावसात, निखाऱ्यावर भाजलेला, लिंबू-तिखट लावलेला. कणीस भाजणाऱ्या बाई बाबांना म्हणाल्या, "काका, उपर वरसाद बहु छे, संभाळीने जजो." बाबांनी तिच्याकडून आणखी एक कणीस आईसाठी बांधून घेतलं.

देवीचं दर्शन

बाबांचे गुडघे पायऱ्यांना तयार नव्हते म्हणून रोपवेने गेलो. तरुण मंडळींनी माचीपासून पायऱ्यांनीच चढावं. वाटेत जुने दरवाजे आणि तटबंदी लागते, रोपवेतून ते नीट दिसत नाही. रोपवेने वर गेलात तरी पुढे काही शे पायऱ्या आहेतच. वरच्या टप्प्यावर दूधिया तलाव आहे आणि त्याच्याजवळ छाशिया. एक दुधाचा, एक ताकाचा. डोंगरात अजून एक तेलिया तलावही आहे. लेकीने विचारलं, "तुपाचा नाही?" छाशिया तलावाजवळ लकुलीशाचं जुनं देऊळ आहे, दहाव्या-अकराव्या शतकातलं. डोंगरावरच्या शिल्लक बांधकामांत सर्वांत जुन्यांपैकी ते एक. तिथे गर्दी नसते. पावसात भिजलेल्या त्या कोरलेल्या मूर्ती शांतपणे बघता येतात.

माथ्यावर कालिकामातेचं मंदिर. २०२२ मध्ये ते नव्याने बांधून पूर्ण झालं, शिखर आणि ध्वज चढला, पायऱ्या रुंद झाल्या. आमची कुळदेवी कोल्हापूरची अंबाबाई, पण ती पडली लांब. म्हणून आमच्या आजीने बडोद्याला आल्यावर इथल्या कालिकेचीच ओटी भरायला सुरुवात केली. "देवीला देवी ओळखते, निरोप पोचतो," असं ती म्हणायची. आईने ओटीचं सामान बरोबर दिलं होतं, खण, नारळ, तांदूळ आणि चिठ्ठीवर सूचना. पुजाऱ्याला आता मराठी ओट्यांची सवय आहे.

बाहेर येऊन कठड्याशी उभे राहिलो. वारा इतका की लेकीची छत्री उलटी झाली. पुढे सगळं पांढरं. खाली काही दिसत नसताना बाबा तिला दिशा दाखवत होते. हा हालोलचा रस्ता, तो आजवा, त्याच्या पुढे आपलं घर.

पायथ्याचा ओढा

पायथ्याला आल्यावर लेकीचा आग्रह होता की नदीला हात लावायचाच. पावागडच्या पायथ्याच्या जंगलात खुणिया महादेवाचा धबधबा आहे. ओढ्याच्या पात्रातून, मोठमोठ्या दगडांवरून चालत जावं लागतं. तरुणांची आवडती पावसाळी वाट आहे ती. पण वर पाऊस चालू असताना ओढ्याला अचानक लोंढा येतो. डोक्यावर ऊन असलं तरी डोंगरावर काय चाललंय ते खालून कळत नाही. म्हणून आम्ही धबधब्याकडे गेलो नाही. रस्त्याजवळच एका उथळ ओढ्याशी थांबलो. शेळ्या घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना विचारलं, हे पाणी कुठे जातं?

"आगळ जईने विश्वामित्री," ते म्हणाले. मग बाबांकडे बघून, "वडोदराथी आव्या?"

"हो. गया वरसे घरमां आवी हती," बाबा आपल्या मराठी गुजरातीत म्हणाले.

म्हातारे हसले. मग हसू आवरून म्हणाले, "अहीं तो नानी छे."

खरंच लहान होती. घोट्यापर्यंत पाणी, खालचे काळे दगड स्पष्ट दिसत होते. लेकीने चपला काढल्या, मग बाबांनी. दोघं हात धरून पलीकडे गेली आणि परत आली. बाबांनी ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं आणि सोडून दिलं. शहरात ज्या पाण्याला आम्ही वर्षभर नाक मुरडतो आणि ऑगस्टमध्ये घाबरतो ते हे.

परतताना गाडीत मी म्हणालो, "घर विकायचं मी पुन्हा काढणार नाही."

"काढ की," बाबा म्हणाले. "पण पुढच्या वेळी पाणी चढायला लागलं तर मला फोन करायला लावू नकोस. मीच करीन. तू फक्त गाडी बंद करून आत ये."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एका दिवसात सगळं होत नाही. आम्हीही केलं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सकाळी गड आणि दुपारी चांपानेर असं ठेवावं. उन्हाळा सोडून कधीही. पाऊस संपता संपता, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, सर्वांत छान. तेव्हा सीताफळं मिळतात. पायथ्याचं विरासत वन लहान मुलांना फिरायला चांगलं. वडा तलावाच्या काठी संध्याकाळी बसावं, डोंगराचं प्रतिबिंब दिसतं.

मुक्काम करणार असाल तर पुढे जांबूघोड्याला जा. साग, बांबू आणि मोहाचं जंगल आहे, अस्वल आणि बिबट्याचं अभयारण्य. आत कडा आणि तरगोळ हे जलाशय आहेत, पक्षी बघायला उत्तम. झंड हनुमानाची भव्य मूर्ती त्याच भागात. घोघंबा तालुक्यात हाथणी मातेचा धबधबा आहे. तिथेही पावसाळ्यात कुंडात उतरायचा मोह आवरावा. हा राठवा समाजाचा मुलूख. घरांच्या भिंतींवर पिठोऱ्याची घोड्यांची चित्रं असतात. ती नुसती सजावट नसते, नवस फेडताना विधीपूर्वक काढून घेतलेली असतात. त्यामुळे आत जाऊन फोटो काढायच्या आधी घरच्यांना विचारा.

बुटांचा तळ खरखरीत हवा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. माकडांसमोर पिशवी उघडू नका. आणि पाऊस जोरात लागला तर ओढा ओलांडायच्या फंदात पडू नका, परत फिरा. डोंगर तिथेच असतो.

त्यानंतर

पुढे ऑगस्टमध्ये एका रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. बाहेर धो धो पाऊस. बाबा होते.

"ये घ्यायला."

मी गेलो. गाडी बंद केली आणि आत गेलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चार गोष्टी मांडून ठेवल्या होत्या. आईचे देव टोपलीत, औषधांचा डबा, लोणच्याची बरणी आणि एक जाड प्लॅस्टिकचं पाकीट. पाकिटात पणजोबांचा तो कागद होता. अक्षर एकही उरलेलं नाही, नुसता पिवळा, सुरकुतलेला कागद. बाबांनी तो इस्त्री करून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवला होता.

"हा मावेल ना गाडीत?" त्यांनी विचारलं.

त्या रात्री पाणी आलं नाही. सकाळी पाऊस थांबला, नदी पुलाच्या बरीच खाली होती. तरी आई-बाबा आमच्याकडे आठवडाभर राहिले. लेकीने त्यांना शाळेच्या वहीत काढलेलं चित्र दाखवलं. एक मोठा डोंगर, त्यावरून सात पांढऱ्या रेघा, खाली एक घर, आणि घरासमोर उभे असलेले पाच जण. घर तिने डोंगराच्या अगदी जवळ काढलं होतं. बाबांनी पेन्सिल घेतली, नदी जरा लांबवली आणि मध्ये एक छोटं सरोवर काढून त्याखाली लिहिलं, आजवा.